कलम सात

प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत, माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात
एकशे बेचाळीस हमीपत्रं आहेत.
फॉर्मॅलिनचा वास त्यांनाही लागलाय.
प्रत्येकावर तेच कलम सात :
'इजा झाल्यास महाविद्यालय, प्राचार्य
वा प्रभारी शिक्षक यांना जबाबदार धरणार नाही.'
निसर्ग मंडळाची प्रभारी शिक्षक म्हणजे मी.
मसुदाही माझाच,
वकील मेहुण्याकडून दोन कप चहात तपासून घेतलेला.

पौषातली अमावास्या. ओहोटी सहा सोळाला.
कार्टर रोडच्या काळ्या खडकांवर
सतरा मुलं, नऊ बॅटऱ्या, एक मी.
(सतराला एक. हे प्रमाण समितीने नंतर
लाल शाईने अधोरेखित केलं.)

समुद्र इतका मागे गेलेला
की कुणी घाईत घर उघडं टाकून गेल्यासारखं वाटावं.
डबक्यात समुद्रफूल, खेकड्याने टाकलेला अंगरखा,
अर्धी प्लास्टिकची चप्पल,
आणि चपलेखालीही कुणाचं तरी बिऱ्हाड.
निलोफर परकार, द्वितीय वर्ष,
वाकून बघत होती.
मग दिसली नाही.

शेवाळ. शेवाळाखाली कालवांची पाती.
पोटरीला अकरा टाके, घोटा दोन ठिकाणी.

कालवं फोडायला आलेली दांड्याची एक बाई
आमच्या सगळ्यांच्या आधी पोचली.
डोक्याचा रुमाल सोडून तिने पाय आवळला
आणि मान वर न करता विचारलं,
"तुमची कोण ही?"
कलम सातप्रमाणे, कुणी नाही.
मी म्हणाले, "माझी आहे."
मेहुणा रात्री फोनवर म्हणाला,
हे वाक्य कुणासमोर बोलली नाहीस ना?

विद्यार्थी अपघात विमा : डोकी एकवीस रुपये.
आवाराबाहेर लागू नाही.

मग चौकशी. उपप्राचार्य दाभाडे, संस्थेचे एक गृहस्थ,
आणि लेखाशास्त्राचे सर, जे सारखे घड्याळ बघत.
माझा जबाब घेतला.
जबाब देणारा तो जबाबदार,
एवढी साधी फोड
मला बावीस वर्षांच्या नोकरीत सुचली नव्हती.
बुटांची सक्ती होती का? नव्हती.
प्रथमोपचाराची पेटी? होती, गाडीत.
गाडी? रस्त्यापलीकडे.
पालकांची सही पडताळली होती का?

इथे मी पाणी प्यायले.
निलोफरची जर्नलं दोन वर्षं तपासतेय मी.
तिच्या र ची शेपटी खाली उतरून डावीकडे वळते,
झिंग्याच्या मिशीसारखी.
हमीपत्रावरच्या 'अ. र. परकार' मध्ये
तशाच दोन मिशा होत्या.
पाहिलं होतं मी. शिक्का मारला होता.
शनिवार होता, सतरावा फॉर्म होता, आणि
ही पोरगी समुद्राला हसून बघते हे मला आवडायचं.

भाऊच्या धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करणारे परकार
खुर्चीच्या टोकावर बसले होते,
नखांत ग्रीस.
दाभाड्यांनी कागद पुढे सरकवला.
त्यांनी तो दूर धरून वाचला, सातव्या कलमापाशी थांबले,
मग खालची सही बघितली. बराच वेळ.
"माझीच," म्हणाले.
आणि माझ्याकडे बघितलं नाही.

प्रकरण बंद.
कुणी सुटलं म्हणायचं, तर ते नेमकं कोण
हे इतिवृत्तात नाही.

या वर्षी फॉर्म नवा केलाय.
दहाला एक शिक्षक, पायात बूट, पेटी पाठीवर,
विमा आवाराबाहेरचाही. डोकी चौसष्ट.
कलम सात खोडायला प्राचार्य तयार नाहीत. राहू दे.
सहीवर मात्र मी आता विसंबत नाही.
आदल्या रात्री जेवण झालं की यादी घेऊन बसते,
घरोघर फोन लावते.
कुणी वैतागतं, कुणी मध्येच कुकर बंद करायला जातं,
कुणी विचारतं, मार्क आहेत का याला?

बावीस नंबरला परकार.
निलोफरचं नाव पुन्हा यादीत आहे.
कुठे जाणार, कोण सोबत, काय धोका,
सगळं सांगते, न वगळता.
पलीकडे हातोडी थांबल्याचा आवाज.
मग ते विचारतात,
"ओहोटी किती वाजता?"